निर्णय आणि निर्णयाची वाट

ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या याज्ञिकी चालत आली, अशा आपल्याकडील जुन्या घरांतून दोन ग्रंथांची नावे आजही आदराने घेतली जातात. एक काशीच्या कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ आणि दुसरा पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांचा ‘धर्मसिंधु’. पहिला इ. स. १६१२मधला, दुसरा १७९०च्या सुमाराचा. एकादशी कोणत्या दिवशी धरावी, सुतक किती दिवसांचे मानावे, श्राद्धाची तिथी दोन दिवसांत विभागली गेली तर काय करावे, असे प्रश्न दोन्ही ग्रंथांपुढे आहेत. रीत मात्र भिन्न आहे. कमलाकरभट्ट आधी नाना ग्रंथांची वचने मांडतात, त्यांतला विरोध उघड करतात आणि मग निर्णयापर्यंत येतात. काशीनाथशास्त्र्यांनी मूळ वचनांचा बराचसा भार उतरवून ठेवला आणि निर्णय तेवढा सोप्या भाषेत हाती दिला. साहजिकच व्यवहारात ‘धर्मसिंधु’ अधिक चालला. अवेळी दारी आलेल्या यजमानास उत्तर द्यावयाचे असता दहा स्मृतींचा वाद उकलीत बसण्यास सवड कोणाला असते?

सोयीच्या ग्रंथाची निंदा करण्याचा येथे हेतू नाही. काशीनाथशास्त्र्यांनी लोकांवर उपकारच केले. परंतु ज्याने केवळ निर्णय पाठ केला आहे त्याच्यापुढे ग्रंथात न आलेला प्रसंग उभा राहिला की तो अडतो. ज्याला निर्णयाची वाट ठाऊक आहे तो त्याच वाटेने एक पाऊल पुढे टाकू शकतो. हा भेद आज वैद्यकात जीवनमरणाचा होऊन बसला आहे, आणि त्याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आजचा डॉक्टर पुष्कळदा स्वतःच्या बुद्धीने औषध ठरवीत नाही. अमुक आजारात आधी कोणती तपासणी, मग कोणते औषध, किती दिवस, केव्हा मोठ्या रुग्णालयात पाठवावे, हे सांगणाऱ्या मार्गदर्शिका तयार झालेल्या असतात. डॉक्टरमंडळी त्यांना ‘गाइडलाइन’ म्हणतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ साली अशा उपचारक्रमांचे सुटसुटीत तक्ते प्रसिद्ध केले. केंद्र सरकारच्या २०१०च्या वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली २०१२ साली झालेल्या नियमांत तर, जेथे तो कायदा लागू आहे तेथे, सरकारने ठरवून दिलेले उपचारनिर्देश पाळण्याची अट आहे. म्हणजे वैद्यकाचा ‘धर्मसिंधु’ आता केवळ सोयीचा राहिला नाही, तो काही प्रमाणात बंधनकारक झाला. मग प्रश्न असा की, ज्याने हा नियम पाळावयाचा त्या डॉक्टरला तो नुसता वाचावयास शिकवावे, की तो कसा बनतो, हेही शिकवावे? माझ्या मते दुसरे अवश्य आहे, आणि त्याचे कारण तांत्रिक असण्यापेक्षा नैतिक अधिक आहे.

प्रथम नियमाच्या बाजूने बोलले पाहिजे. ‘डॉक्टरचा अनुभव हाच खरा गुरू, कागदी नियम कशाला?’ असे अनेकांना वाटते. घरच्या जुन्या वैद्याविषयीची आपली श्रद्धाही याच समजुतीवर उभी असते. परंतु अनुभव फार गोड बोलणारा साक्षीदार आहे. बरा झालेला रुग्ण नारळ घेऊन परत येतो, दगावलेला येत नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांच्या नाडीत अनियमित ठोके आढळले तर ते दाबणारी औषधे द्यावीत, अशी १९८०च्या दशकात अनेक डॉक्टरांची रीत होती. औषध दिले की आलेखावरचे ते ठोके नाहीसे होत. डोळ्यांना सुधारणा दिसे. अमेरिकेत या औषधांची पद्धतशीर परीक्षा झाली, तिचा तपशील १९९१ साली प्रसिद्ध झाला. खरे औषध घेतलेल्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले, तर निव्वळ दिसायला तशीच गोळी घेतलेल्या ७४३पैकी २६. ठोके सुधारत होते आणि माणसे मरत होती. ती औषधे देणारे डॉक्टर दुष्ट नव्हते, आळशीही नव्हते. ते आपापल्या अनुभवाला प्रामाणिक होते. एकट्याच्या प्रामाणिकपणाने भागत नाही, म्हणूनच अनेकांचा अनुभव मोजून, पारखून, त्यातून नियम काढावा लागतो.

ही जाणीव आपल्याकडे नवी नव्हे. चरकसंहितेने आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी ज्ञानाची चार साधने सांगितली. केवळ थोरांचे वचन किंवा केवळ स्वतःचे पाहणे पुरेसे मानले नाही. त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात वैद्यांनी आपसांत चर्चा कशी करावी, याचे सविस्तर विवेचन आहे. जाणत्यांशी स्नेहाने केलेल्या विचारविनिमयास तेथे संधायसंभाषा म्हटले आहे आणि जिंकण्याच्या ईर्ष्येने केलेल्या वादास विगृह्यसंभाषा. वैद्याच्या शिक्षणात रोग व औषधांबरोबर चर्चेची रीतही यावी, असे त्या ग्रंथकारास वाटले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्या जुन्या गोव्यातच १५६३ साली छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या वनौषधींवरील ग्रंथाची रचनाही संवादाची आहे. ग्रीक आचार्यांच्या वचनापेक्षा येथे डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूला त्यांनी अधिक मान दिला.

परंतु नियम बनविणारी मंडळी नेहमी या रीतीने वागतात असे मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशी कशा तयार होतात, याचा शोध घेणारा एक अभ्यास २००७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुराव्यांची पद्धतशीर छाननी क्वचित होते आणि बहुतांश भार तज्ज्ञांच्या मतावर असतो, असे त्यातून दिसून आले. ज्या संस्थेच्या शब्दावर गरीब देशांतील सरकारे आपले कार्यक्रम आखतात, तिच्या घरची ही स्थिती! संघटनेने ही टीका झटकून टाकली नाही. त्याच वर्षी तिने मार्गदर्शिकांची तपासणी करणारी समिती नेमली आणि पुढे त्या कशा लिहाव्यात याचे हस्तपुस्तकही काढले. नियम करणाऱ्यांनाही नियम करावयास शिकावे लागते, याची ती कबुलीच होती.

हे शिक्षण मोठ्या नगरांतील मोठ्या तज्ज्ञांपुरते ठेवून चालेल काय? याचे उत्तर आपल्या शेजारच्या कोकणात मिळते. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावसकर रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि मुले दगावत. पाठ्यपुस्तकांत त्यावर धड उपाय नव्हता. जी औषधे दिली जात त्यांतली काही निरुपयोगी, तर काही अपायकारक होती. बावसकरांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध झाले. विषाने शरीरातील जी यंत्रणा उधळते तिला आवर घालणारी प्राझोसिन ही रक्तदाबावरची स्वस्त गोळी त्यांनी १९८०च्या दशकात वापरात आणली. फुप्फुसात पाणी भरण्याइतका गंभीर दंश झालेल्यांपैकी पूर्वी २५ ते ३० टक्के दगावत. ते प्रमाण त्यांच्या नोंदींनुसार चार टक्क्यांच्या आत आले.

या कथेचा येथवरचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा तो पुन्हा सांगितला गेला. आपल्या विषयाच्या दृष्टीने पुढचा भाग अधिक मोलाचा आहे. विंचवाच्या विषावर प्रतिविष उपलब्ध झाल्यावर बावसकरांनी आपल्याच उपायाला परीक्षेस बसविले. ७० रुग्णांपैकी निम्म्यांना केवळ प्राझोसिन आणि निम्म्यांना प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिले. दहा तासांनी पहिल्या गटातील ३५पैकी ८ पूर्ण बरे झाले होते, दुसऱ्या गटातील ३५पैकी ३२. हा निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. ज्या गोळीने नाव मिळवून दिले ती एकटी पुरेशी नाही, हे त्यांनी स्वतःच जगाला सांगितले. नियम करण्याचे शिक्षण म्हणजे काय, हे याहून स्पष्ट करून सांगता येणार नाही. नियम करावयाचा, तो वापरावयाचा, आणि अधिक चांगला पुरावा शोधण्याची जबाबदारीही आपलीच समजावयाची.

आता आपल्या फोंड्याकडे येऊ. कुळागरात काम करणाऱ्याला सर्पदंशाची भीती नवी नाही. दंशाच्या वर पट्टा आवळून बांधावा, जखमेवर चीर द्यावी, हे उपाय एकेकाळी शहाणपणाचे समजले जात. आज ते निषिद्ध आहेत. भारतातील सर्पदंशाच्या मार्गदर्शिकेत एक अगदी साधी परीक्षा आहे. रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे हलविल्याशिवाय ठेवावयाचे. गोठले नाही तर विष रक्तात भिनले असे समजावयाचे. ज्याने ही परीक्षा मार्गदर्शिकेत घातली त्याच्या डोळ्यांसमोर यंत्र नसलेले, रात्रीचे, लहान आरोग्य केंद्र होते. खेड्याची आठवण ठेवून केलेला नियम असा असतो.

परंतु याच विषयात दुसरी बाजूही आहे. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. पश्चिम घाटाच्या रानात या चौघांखेरीज चापड्याच्या जातीचे सापही आहेत, आणि त्यांच्यातील काहींच्या दंशाने रक्त न गोठण्याचा विकार होऊ शकतो. त्यांच्यावर हे प्रतिविष लागू पडत नाही. ज्या डॉक्टरने केवळ ‘रक्त गोठत नाही, म्हणून प्रतिविष’ एवढेच पाठ केले आहे तो एकामागून एक कुप्या देत राहील. त्या औषधाचीही तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातील धोका कळेल. ज्याला हा नियम कोणत्या चार सापांवरून बनला हे ठाऊक आहे, तो थांबून विचार करील आणि वेळीच रुग्णाला पुढे पाठवील. सत्तरी, डिचोली वा पेडण्याच्या रानाजवळच्या केंद्रात बसलेल्या डॉक्टरजवळ एखादी माहिती अशी असू शकते की जी दिल्लीच्या समितीजवळ नाही. ती योग्य रीतीने नोंदवून समितीपर्यंत पोचविण्याचे शिक्षण त्याला कोणी दिले आहे काय?

चांगला नियमसुद्धा स्थळ बदलले म्हणजे कसा उलटतो, याचे गंभीर उदाहरण मराठी मुलुखाशी निगडित आहे. अपुऱ्या दिवसांची प्रसूती होणार असे दिसले तर आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन द्यावे, म्हणजे बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, हे न्यूझीलंडमधील डॉक्टरांनी १९७२ साली दाखविले. १९९०च्या दशकापासून श्रीमंत देशांत हा उपाय सर्वमान्य झाला आणि असंख्य बालके वाचली. मग तो खेड्यापाड्यांत का नेऊ नये? हा विचार सद्‌हेतूचाच होता. सहा देशांत तो तपासून पाहण्यात आला. भारतातील नागपूर आणि बेळगाव येथील परिसर त्यांत होते. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापील रूपात आलेल्या निष्कर्षाने सर्वांना धक्का बसला. उपाय जेथे पसरविला तेथे नवजात बालकांचे मृत्यू कमी होण्याऐवजी हजार जन्मांमागे सुमारे साडेतीनने वाढले, मातांमधील जंतुसंसर्गाची शंकाही वाढली. गर्भाचे नेमके दिवस कळण्याची सोय नसल्यामुळे ज्यांना गरज नव्हती अशा अनेक स्त्रियांना औषध मिळाले, आणि लहान बाळाला सांभाळणारी व्यवस्था पुष्कळ ठिकाणी नव्हती.

पुढे २०२० साली भारतासह पाच देशांतील, बऱ्यापैकी सोयी असलेल्या रुग्णालयांत पुन्हा परीक्षा झाली तेव्हा तेच औषध बालकांना वाचविते असे सिद्ध झाले. मग पहिला निष्कर्ष खोटा की दुसरा? दोन्ही खरे. औषध तेच होते, भोवतालची परिस्थिती वेगळी होती. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत आता त्या औषधाबरोबर अटीही लिहिलेल्या असतात: गर्भाचे दिवस खात्रीने मोजता यावेत, आईला संसर्ग नसावा, प्रसूतीची आणि नवजात बालकाची पुरेशी काळजी तेथे घेतली जावी. आपल्या धर्मशास्त्रात देश, काल आणि पात्र पाहून निर्णय द्यावा असे म्हणतात, त्याचा हा वैद्यकातील प्रत्यय होय.

मग नियम करण्याच्या शिक्षणात शिकवावयाचे तरी काय? पहिली गोष्ट, प्रश्न नेमका विचारणे: कोणता रुग्ण, कोणता उपाय, कशाच्या तुलनेत, आणि कोणत्या फळासाठी. आलेखावरचे ठोके सुधारणे हे फळ, की माणूस जगणे हे फळ? दुसरी, आपल्या मताला अनुकूल तेवढाच पुरावा न वेचता प्रतिकूलही गोळा करणे. तिसरी, आपली खात्री किती हे उघड सांगणे. २००० सालानंतर पुढे आलेल्या ‘ग्रेड’ नावाच्या पद्धतीत पुराव्याच्या खात्रीच्या उच्च, मध्यम, कमी आणि अतिशय कमी अशा चार पायऱ्या केल्या आहेत, आणि शिफारस ठाम की सशर्त हेही लिहावे लागते. चौथी, हितसंबंध जाहीर करणे. औषध कंपनीच्या खर्चाने परिषदेस जाऊन आलेल्याने त्याच कंपनीच्या औषधाविषयी निवाडा देऊ नये. पाचवी, ज्यांच्यावर नियम चालणार त्यांना समितीत बसवून त्यांचे ऐकणे.

ही पाचवी गोष्ट पुष्कळदा शोभेपुरती उरते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत, गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्यास आणि जंतुदोष ओळखून इंजेक्शन देण्यास शिकविले. नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, असा त्यांचा १९९९ सालचा निष्कर्ष आहे. हे काम डॉक्टरांखेरीज कोणी करू नये, हाच तोवरचा शहाण्यांचा नियम होता. अशा गावातील एखादी बाई त्या शहाण्यांच्या समितीत बसली असती, तर बाळ आजारी पडते त्या रात्री दवाखाना किती दूर असतो, हे तिने पहिल्याच बैठकीत सांगितले असते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, रोज शंभर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला हे शिकण्यास सवड कोठून? आक्षेप खरा आहे. परंतु प्रत्येकाने नियम लिहावा असे म्हणणे नाही. निदान एकदा, विद्यार्थिदशेत, एखादा लहानसा नियम बनविण्याच्या कामात त्याने बसलेले असावे, एवढीच मागणी आहे. ‘धर्मसिंधु’ उघडणाऱ्या प्रत्येकाने कमलाकरभट्ट होण्याची गरज नसते. पण निर्णयामागे वचनांचा वाद असतो, याचे भान तरी त्याला हवे. दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. नियम कसा बनतो हे कळले की त्याचे भय जाते, आणि भय गेले की जो तो आपलाच नियम चालवू लागेल. असे होऊ शकते, हे मान्य केले पाहिजे. परंतु भयाने पाळलेल्या नियमाचा दोष याहून मोठा आहे. तसा डॉक्टर रुग्ण दगावल्यावर म्हणतो, ‘मी नियमाप्रमाणे केले,’ आणि हात धुऊन मोकळा होतो. नियम करणारी समिती म्हणते, ‘आम्ही सर्वसाधारण सांगितले, प्रत्यक्ष रुग्ण त्याने पाहिला.’ या दोन वाक्यांच्या फटीत रुग्ण हरवतो, आणि त्याच्या मृत्यूची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

नियम कसा बनला हे जाणणाऱ्याला ही पळवाट उरत नाही. तो नियम पाळतो तेव्हा समजून पाळतो, म्हणून पाळण्याची जबाबदारी त्याची. तो क्वचित नियम सोडतो तेव्हा का सोडला हे कागदावर लिहून ठेवतो, म्हणून सोडण्याची जबाबदारीही त्याची. आणि त्याची ती नोंद उद्याच्या समितीच्या हाती पुरावा म्हणून येते. कारण न लिहिता नियम मोडणे म्हणजे स्वैराचार. कारण लिहून, इतरांच्या तपासणीला खुले ठेवून तो मोडणे, हा नियमाच्या जडणघडणीचाच भाग आहे. बिरवाडीच्या नोंदवह्यांनी हेच केले.

१८४२ साली पणजीस सुरू झालेल्या वैद्यकशाळेचा वारसा सांगणारे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आज बांबोळीस आहे. तेथील विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी एक काम नेमून द्यावे असे सुचवावेसे वाटते. एखाद्या नेहमीच्या दुखण्यासाठी पेडण्याच्या आरोग्य केंद्रात चालेल असा एका पानाचा नियम त्याने लिहावा. त्यासाठी तेथील परिचारिकेशी, रुग्णवाहिकेच्या चालकाशी आणि दोन रुग्णांच्या घरच्यांशी बोलावे. पानाच्या खाली आपली खात्री किती, आणि हा नियम पुन्हा केव्हा तपासावा, हे नमूद करावे. आणि आपण, जे बहुधा रुग्ण किंवा रुग्णाचे नातलग म्हणून त्या दारात उभे राहतो, त्यांनीही एक सवय लावून घ्यावी. डॉक्टरांनी उपाय सांगितला की नम्रपणे विचारावे: हे कशावरून, आणि किती खात्रीने? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येणार नाही. ज्याला राग येईल, त्याला तो नियम कोणीतरी केवळ पाठ करावयास लावला असण्याचा संभव आहे.